खप किती? आकडा वाचण्याची रीत

‘देशात सर्वांत जास्त खपणारा लॅपटॉप!’, ‘एका वर्षात दहा लाख ग्राहक!’, ‘विक्रीत दुपटीने वाढ!’ अशा जाहिराती तुम्ही वर्तमानपत्रात किंवा दुकानाच्या पाटीवर वाचल्या असतील. घरात किंवा शाळेत संगणक घ्यायचे ठरले की अशा जाहिरातींकडे आपले लक्ष हमखास जाते. इतक्या लोकांनी घेतला, त्या अर्थी तो चांगलाच असणार, अशी आपण मनाची समजूत घालतो आणि मोकळे होतो.

पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इतक्यावर थांबून चालणार नाही. प्रयोगशाळेत कोणी ‘या तारेची लांबी १२ आहे’ असे सांगितले, तर तुम्ही लगेच विचाराल, ‘बारा काय? सेंटिमीटर की मीटर? कशाने मोजली? कोठून कोठपर्यंत?’ या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या बाराला काही अर्थ नसतो. संगणकांच्या खपाचा आकडाही असाच आहे. तोही एका मोजणीचा निकाल असतो. म्हणून काय मोजले, कोणी मोजले, केव्हापासून केव्हापर्यंत मोजले, हे त्यालाही विचारायलाच हवे.

दिवाळी अंकाचे उदाहरण

संगणकाकडे वळण्यापूर्वी एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, एका मासिकाने दिवाळी अंकाच्या १०,००० प्रती छापल्या. त्यांपैकी १,००० कचेरीतच राहिल्या आणि ९,००० गावोगावच्या विक्रेत्यांकडे पाठवल्या. विक्रेत्यांनी ६,५०० प्रती विकल्या आणि उरलेल्या २,५०० परत पाठवल्या. विकलेली प्रत्येक प्रत घरातील चार माणसांनी वाचली, असे धरू.

आता मासिकाचा व्यवस्थापक काय काय सांगू शकतो ते पाहा. ‘आम्ही १०,००० प्रती काढल्या.’ ‘आमच्या ९,००० प्रती बाजारात गेल्या.’ ‘आमचा अंक २६,००० जणांनी वाचला.’ यांतले एकही विधान खोटे नाही. मात्र वाचकांनी पैसे मोजून घेतलेल्या प्रती ६,५००च आहेत. खरा खप तेवढाच.

संगणकाच्या बाबतीतही अशाच पायऱ्या असतात: मागणी नोंदवली जाते, कारखान्यात संगणक तयार होतो, तो वितरकाकडे पाठवला जातो, दुकानातून ग्राहक तो विकत घेतो, आणि शेवटी कोणीतरी तो प्रत्यक्ष वापरतो. प्रत्येक पायरीवरचा आकडा वेगळा असतो. जाहिरातीत यांपैकी जो आकडा सर्वांत मोठा दिसेल तो येण्याचा संभव अधिक!

मागणी आणि विक्री यांत केवढे अंतर असू शकते, याचे आपल्याच देशातले उदाहरण म्हणजे ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट संगणक. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचे मोठ्या थाटात उद्घाटन झाले. जानेवारी २०१२ मध्ये, दोन आठवड्यांत त्याला १४ लाखांची मागणी आल्याच्या बातम्या छापून आल्या. प्रत्यक्षात लोकांच्या हाती पडलेले संगणक मात्र या आकड्याच्या फार मागे राहिले. मागणीच्या वहीतील नाव म्हणजे विकलेला संगणक नव्हे.

उत्पादन आणि विक्री यांतही असाच फरक असतो. अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीने १९८३ साली ‘लिसा’ नावाचा संगणक बाजारात आणला. पडद्यावरची चित्रे माउसने निवडून काम करण्याची सोय त्यात होती. त्या काळी ती मोठीच नवलाई होती. पण किंमत होती ९,९९५ डॉलर! तो फारसा खपला नाही. अखेर १९८९ साली, न खपलेले सुमारे २,७०० लिसा संगणक युटा राज्यातील लोगन या गावाजवळ कचराभूमीत पुरून टाकण्यात आले. कारखान्याच्या हिशेबात हे संगणक ‘तयार झालेले’ होते. पण ग्राहकाच्या टेबलावर ते कधीच पोचले नाहीत.

वितरकाच्या गोदामात

कंपन्या आणि बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्था जो आकडा जाहीर करतात, तो बहुधा ‘पाठवणी’चा असतो. म्हणजे कारखान्यातून वितरकांकडे आणि दुकानदारांकडे किती संगणक रवाना झाले, त्याचा. यात लबाडी असतेच असे नाही. कोणता संगणक कोठे पाठवला याची नोंद कंपनीच्या वहीत असते. तो कोणत्या दुकानातून कोणत्या दिवशी विकला गेला हे कळणे त्या मानाने अवघड असते. शिवाय वितरकाच्या नावे माल फाडला की कंपनीच्या दृष्टीने ती विक्रीच झाली.

या पद्धतीचा परिणाम मात्र लक्षात ठेवायला हवा. तिमाही संपत आली आणि ठरवलेले उद्दिष्ट गाठायचे राहिले, तर वितरकांच्या गळ्यात जादा माल बांधण्याचा मोह कंपनीला होऊ शकतो. त्या तिमाहीचा आकडा फुगतो. पुढच्या तिमाहीत गोदाम भरलेले असल्यामुळे वितरक नवा माल मागवत नाही आणि आकडा एकदम घसरतो. ग्राहक मात्र दोन्ही वेळी तेवढेच असतात!

करोनाच्या साथीच्या काळात अशी चढउतार साऱ्या जगाने पाहिली. घरूनच शाळा आणि घरूनच कचेरी सुरू झाल्यामुळे संगणकांना अतोनात मागणी आली. आय.डी.सी. या संस्थेच्या मोजणीनुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३४ कोटी ९० लाख संगणकांची पाठवणी झाली. २०२२ साली हा आकडा सुमारे २९ कोटी २० लाखांवर आला. ही घट १६ टक्क्यांची होती. ज्यांना गरज होती त्यांनी संगणक आधीच घेतले होते, हे तिचे एक कारण. दुसरे कारण असे, की दुकानदारांकडे माल साचला होता आणि तो संपेपर्यंत ते नवा मागवत नव्हते. पाठवणीच्या आकड्यात ही दोन्ही कारणे एकमेकांत मिसळून गेलेली असतात.

संगणक कशाला म्हणायचे?

आता दुसरा प्रश्न. मोजायचे ठरले, पण मोजायचे काय? ‘संगणक’ या शब्दात कोणकोणती यंत्रे धरायची?

२०२० सालचे दोन आकडे पाहा. आय.डी.सी.ने सांगितले, की त्या वर्षी जगात ३० कोटी २६ लाख संगणकांची पाठवणी झाली आणि ही वाढ १३.१ टक्के आहे. गार्टनर या दुसऱ्या नामवंत संस्थेने सांगितले, की पाठवणी २७ कोटी ५० लाख झाली आणि वाढ ४.८ टक्के आहे. एकच वर्ष, एकच जग, आणि फरक पावणेतीन कोटींहून अधिक! मग खोटे कोण बोलले?

कोणीच नाही. त्या वर्षीच्या आपल्या आकड्यात गार्टनरने ‘क्रोमबुक’ धरले नव्हते. क्रोमबुक म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणारा, बहुतेक कामे इंटरनेटवरून करणारा स्वस्त लॅपटॉप. अमेरिकेतील शाळांत तो फार वापरला जातो. शाळा घरी भरू लागल्या तेव्हा त्याची मागणी झपाट्याने वाढली. त्या वर्षी जवळजवळ तीन कोटी क्रोमबुकांची पाठवणी झाली, असे गार्टनरनेच सांगितले. ते तीन कोटी मिळवा, की दोन संस्थांच्या आकड्यांतील मोठी दरी जवळजवळ भरून निघते.

पाहा, एका व्याख्येने केवढा फरक पडला! एखाद्या कंपनीने ‘आम्ही पहिल्या क्रमांकावर’ असे म्हटले, की कोणत्या यादीत हे विचारावे. सर्व संगणकांत, की फक्त लॅपटॉपमध्ये? साऱ्या देशात, की एका शहरात? नगांच्या संख्येत, की रुपयांत? समजा, एका कंपनीने २०,००० रुपयांचे १०० संगणक विकले आणि दुसरीने ८०,००० रुपयांचे ३० विकले. नगांत पहिली कंपनी पुढे. रुपयांत मात्र पहिलीचे २० लाख आणि दुसरीचे २४ लाख, म्हणजे दुसरी पुढे. दोघीही ‘पहिला क्रमांक आमचाच’ असा फलक लावू शकतात.

काळाची चौकट

तिसरा प्रश्न काळाचा. २०१९ साली भारतातील संगणकांच्या पाठवणीचे तिमाही आकडे एकाएकी वाढले. देशातील लोकांना अचानक संगणकाची ओढ लागली होती काय? त्या वाढीत मोठा वाटा तामिळनाडू सरकारच्या एका खरेदीचा होता. शाळा-कॉलेजांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना त्या राज्याने २०११ साली सुरू केली होती. तिच्यासाठी लाखो लॅपटॉप एकदम घेतले, की ज्या कंपनीला ते काम मिळते तिचा आकडा त्या तिमाहीत उसळी घेतो. विद्यार्थ्यांच्या हाती लॅपटॉप आले ही आनंदाचीच गोष्ट. पण त्या तिमाहीवरून ‘दुकानात जाणारे ग्राहक याच कंपनीला पसंती देतात’ असा निष्कर्ष काढला, तर तो चुकेल.

टक्केवारीच्या बाबतीतही असेच सावध राहावे. गेल्या वर्षी १० नग विकणाऱ्याने यंदा २० विकले, तर वाढ शंभर टक्के. गेल्या वर्षी १०,००० विकणाऱ्याने यंदा ११,००० विकले, तर वाढ फक्त दहा टक्के. जाहिरातीत पहिल्याची वाढ डोळ्यांत भरेल. पण पहिल्याने दहा नग जादा विकले आणि दुसऱ्याने हजार, हे विसरू नका.

अनुक्रमांक बोलू लागतात

कंपनी सांगेल तेच मानावे लागते का? आकडा स्वतंत्रपणे तपासून पाहण्याचा काही मार्ग आहे का? आहे, आणि तो गणिताचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी दर महिन्याला किती रणगाडे तयार करतो, हे दोस्त राष्ट्रांना जाणून घ्यायचे होते. ऑगस्ट १९४२ मध्ये हेरांच्या बातम्यांवरून केलेला अंदाज होता १,५५०. संख्याशास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरचे अनुक्रमांक त्यांनी अभ्यासले आणि अंदाज केला ३२७. युद्ध संपल्यावर जर्मनीची दप्तरे उघडली तेव्हा खरा आकडा निघाला ३४२!

यातली युक्ती तुम्हालाही समजेल. समजा, एका डब्यात १ पासून ओळीने क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. किती ते ठाऊक नाही. डोळे मिटून तुम्ही पाच चिठ्ठ्या काढल्या. क्रमांक आले १४, ३७, ५२, ८१ आणि ९५. आता ९५च्या खाली न निघालेल्या चिठ्ठ्या किती? ९५ वजा ५, म्हणजे ९०. या ९० चिठ्ठ्या पाच मोकळ्या जागांत विभागल्या आहेत: १४च्या आधी, १४ आणि ३७च्या मध्ये, अशा. म्हणजे सरासरी एका जागेत १८. तेव्हा ९५च्या पुढेही साधारण तेवढीच मोकळी जागा असावी. म्हणून एकूण चिठ्ठ्या सुमारे ९५ + १८ = ११३. चिठ्ठ्या जितक्या जास्त काढाल, तितका अंदाज अधिक भरवशाचा.

प्रत्येक संगणकाच्या पाठीवर किंवा पोटावर अनुक्रमांक असतो. मग हीच युक्ती संगणकांनाही लावता येईल. तशी ती लावलीही गेली.

कमोडोर-६४ ची कथा

कमोडोर कंपनीने ऑगस्ट १९८२ मध्ये ‘कमोडोर-६४’ हा घरगुती वापराचा संगणक ५९५ डॉलरला बाजारात आणला. तो अफाट लोकप्रिय झाला. जगात सर्वांत जास्त खपलेले संगणकाचे एकच मॉडेल अशी त्याची ख्याती झाली. पण किती खपले? कोणी १ कोटी ७० लाख सांगे, कोणी २ कोटी २० लाख, तर कोणी ३ कोटी. एप्रिल १९९४ मध्ये कंपनी बुडाली आणि हे आकडे मात्र एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिले.

२०११ साली मायकेल स्टाइल या संगणकतज्ज्ञाने हौशी लोकांकडे उरलेल्या कमोडोर-६४ संगणकांचे अनुक्रमांक घेऊन हिशेब मांडला. त्याचा अंदाज निघाला सुमारे १ कोटी २५ लाख. म्हणजे ३ कोटींच्या निम्म्याहूनही कमी.

हा अंदाज तरी डोळे झाकून मान्य करावा का? नाही. त्यालाही प्रश्न विचारू या. हे संगणक एकाच नव्हे, तर निरनिराळ्या देशांतील कारखान्यांत तयार झाले. प्रत्येकाच्या क्रमांकांची मालिका नीट ओळखली गेली का? मधले काही क्रमांक वगळले होते का? शिवाय अनुक्रमांक सांगतो तयार झालेल्या संगणकांची संख्या, विकलेल्यांची नव्हे. न खपलेल्या लिसांवरही क्रमांक होतेच!

अशा वेळी दुसऱ्या वाटेने पडताळा घ्यावा. जून १९८४ अखेरच्या वर्षात कमोडोर कंपनीची एकूण विक्री सुमारे १२७ कोटी डॉलरची होती. तो तिच्या भरभराटीचा काळ. त्या सुमारास कमोडोर-६४ ची किंमत २०० डॉलरच्या आसपास उतरली होती. कंपनीने दुसरे काहीही विकले नाही असे घटकाभर धरले, तरी १२७ कोटी भागिले २००, म्हणजे सुमारे ६३ लाख संगणक होतात. प्रत्यक्षात त्या रकमेत डिस्क चालवणारी यंत्रे, छपाईयंत्रे आणि इतर संगणकही होते. म्हणजे खरी संख्या याहून बरीच कमी असणार. ३ कोटींचा आकडा खरा ठरायचा, तर अशी, आणि तीही फक्त याच संगणकाची, जवळजवळ पाच वर्षे लागली असती. हा हिशेब ढोबळ आहे. पण कोणता आकडा शक्य कोटीतला आणि कोणता नाही, हे ठरवायला तो पुरेसा आहे. आज बहुतेक अभ्यासक १ कोटी २५ लाख ते १ कोटी ७० लाख या मर्यादा धरतात. एवढ्यानेही कमोडोर-६४ ची थोरवी कमी होत नाही.

जास्त खप म्हणजे चांगला निर्णय?

समजा, आकडा अगदी खरा आहे. तरी तो आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो का?

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचा ‘टी.आय.-९९/४ए’ हा संगणक १९८१ साली ५२५ डॉलरला मिळत असे. प्रतिस्पर्ध्यांशी किमतीचे युद्ध पेटले आणि १९८३ मध्ये तो शंभर डॉलरच्या आत आला. लोकांनी तो भराभर विकत घेतला. एकूण सुमारे २८ लाख संगणकांची पाठवणी झाली. पण कंपनीला प्रचंड तोटा झाला आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये तिने घरगुती संगणकांचा धंदाच सोडून दिला. ज्यांनी ‘इतके लोक घेताहेत’ म्हणून तो घेतला, त्यांच्या संगणकामागे तो काढणारी कंपनीच उभी राहिली नाही.

इथे खरे काय पणाला लागते ते ध्यानात येईल. खपाच्या आकड्यावर भरवसा ठेवून आईवडील वर्षभराची शिल्लक खर्च करतात. शाळा आपले अनुदान एकाच जातीच्या संगणकांवर लावते. ज्या यंत्राचा खप जास्त, त्याच्यासाठीच प्रोग्राम लिहावेत असे लेखकही ठरवतात. म्हणून मोठा आकडा नुसता बढाईचा नसतो. तो ग्राहकांना आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ओढून आणतो. आकडा फुगवण्याचा मोह होतो तो याचसाठी.

काही वेळा आकडा मुळीच मिळत नाही. आपण किती फोन, टॅब्लेट आणि संगणक विकले ते यापुढे नगांत सांगणार नाही, असे अ‍ॅपलने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले. नगांची संख्या व्यवसायाचे बळ नीट दाखवत नाही, असे तिचे म्हणणे. ते पटो वा न पटो. तेव्हापासून अ‍ॅपलच्या संगणकांच्या संख्येचा जो आकडा छापून येतो तो बाहेरच्यांचा अंदाज असतो, हे ओळखून वाचावे.

करून पाहा

यापुढे खपाची जाहिरात हाती आली, की वहीत सहा प्रश्न लिहा. आकडा कोणत्या पायरीचा आहे: मागणी, उत्पादन, पाठवणी, विक्री की वापर? ‘संगणक’ म्हणून काय काय धरले आहे? कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या काळात? मोजणी नगांत आहे, रुपयांत की टक्क्यांत? मोजले कोणी, कंपनीने की तिऱ्हाइताने? आणि शेवटचा: हा आकडा खरा असला, तरी आपल्याला हव्या त्या कामासाठी हा संगणक योग्य आहे, हे त्यावरून ठरते का? पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे जाहिरातीत नसतील, तर तो आकडा बाजूला ठेवून किंमत, दुरुस्तीची सोय आणि आपली गरज यांकडे वळावे.

शिक्षकांना वर्गात चिठ्ठ्यांचा प्रयोग सहज घेता येईल. एका डब्यात १ ते कितीही क्रमांकांच्या चिठ्ठ्या घाला. एकूण संख्या फक्त शिक्षकांना ठाऊक असावी. प्रत्येक गटाने पाच चिठ्ठ्या काढाव्यात, क्रमांक टिपावेत आणि चिठ्ठ्या परत टाकाव्यात. सर्वांत मोठ्या क्रमांकातून ५ वजा करून बाकीला ५ने भागावे, आणि आलेला भागाकार त्याच क्रमांकात मिळवावा. सर्व गटांचे अंदाज फळ्यावर लिहा आणि त्यांची सरासरी काढा. नंतर डबा उघडून चिठ्ठ्या मोजा. एकेका गटाचा अंदाज किती हुकला आणि सरासरी किती जवळ आली, हे पाहा. मग पाचाऐवजी दहा चिठ्ठ्या काढून तोच प्रयोग पुन्हा करा. तेव्हा मात्र दोन्ही ठिकाणी ५च्या जागी १० घ्यायला विसरू नका.